पाठमोरा गेणबा

भांडगावला हायवे सोडून कॅनॉलच्या कडेनं आत गेलात की धनगरवस्ती लागते. तिथं पूर्वी कुणालाही विचारलं, गेणबा कुठं राहतो, तर माणूस आधी हसायचा आणि मग घर दाखवायचा. कारण गेणबा म्हणजे नाटक. जत्रेला वस्तीचं नाटक बसायचं त्यात त्यानं वीस वर्षं काम केलं. दरोडेखोर झाला, पाटील झाला, एका वर्षी बाईच मिळेना म्हणून सावत्र आई झाला आणि असा काही झाला की पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी त्याला उभ्या उभ्या शिव्या घातल्या. त्या शिव्या तो नंतर किती वर्षं मिरवत होता! बाकी वर्षभर कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. कधी फर्स्ट शिफ्ट, कधी सेकंड, तोंडाला मास्क आणि अंगाला न जाणारा वास. कॅन्टीनमध्ये तो बिहारी पोरांनाही डायलॉग म्हणून दाखवायचा आणि ती पोरं "वाह गेणबा भाई" म्हणत आपल्या ताटातली मिरची त्याला द्यायची. माणसाला एवढं कौतुक पुरायला हरकत नव्हती. त्याला पुरलं नाही, इथंच सगळं बिनसलं.

गेणबाची आई तो दोन वर्षांचा असताना गेली. त्याला वाढवलं चुलतीनं, गिताबाईनं. सहा वर्षांनी तिला स्वतःचा मल्हार झाला, तरी पहिली भाकरी गेणबाच्या ताटात पडायची आणि मल्हार त्याला कायम दादा म्हणायचा. पुढं दोन्ही घरं वेगळी झाली ती भांडणातून नाही. बिरोबाच्या जत्रेत पहिला बकरा कापायचा मान गेणबाच्या बापाकडं होता आणि बापामागं तो गेणबाकडं आला. मल्हारच्या बापानं मात्र माळ घातली. तेव्हापासून गिताबाईच्या घरात मटण शिजलं नाही. मल्हारनं तर आयुष्यात कोंबडीसुद्धा कापली नाही. जत्रेला त्यांच्याकडून पुरणपोळीचा निवद जायचा आणि बकऱ्याच्या वेळी मल्हार देवळामागं मेंढरांपाशी जाऊन उभा राहायचा. त्यावरून गेणबा त्याची भरपूर टिंगल करायचा.

या मल्हारला खुनाच्या आरोपाखाली पकडून नेलं.

मेला होता हौसराव, गावातला पोल्ट्रीवाला. एका पहाटे तो स्वतःच्या रानात पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी पडलेला सापडला. कोयता त्याच्याच गोठ्यातला होता. आठच दिवस आधी मल्हारची मेंढरं त्याच्या कडवळाच्या हिरव्या पिकात शिरली होती आणि चारचौघांत दोघांचं वाजलं होतं. त्या रागात मल्हार "बघून घेतो" म्हणाला होता. गावात हे वाक्य दिवसातून दहा जण म्हणतात आणि कुणी कुणाला बघून घेत नाही. पण ज्याला म्हटलं तो मेला की त्याच शब्दांना वजन येतं. शिवाय मेथीच्या जुड्या बांधायला पहाटे रानात गेलेल्या सोजराबाईनं लांबून एक पाठमोरा माणूस कॅनॉलकडं जाताना बघितला होता. अंगात चौकड्याचा शर्ट होता, एवढंच तिनं पोलिसांना सांगितलं. मल्हारकडं तसे दोन शर्ट होते. एक पोलिसांनी नेला, एक घरी राहिला. त्या पहाटे तो घरात झोपलेला होता हे सांगणारी एकटी त्याची आई, बाप आधीच गेलेला. आईचं कोण ऐकतो?

चार महिन्यांनी वस्तीवर मुंबईची गाडी आली. एका चॅनलसाठी डॉक्युमेंटरी करणारी माणसं होती. मालिकेचं नाव 'कठड्यातला माणूस'. दर भागात एक खटला, त्यातला आरोपी, त्याचं घर, त्याची माणसं. दिग्दर्शक होती अंकिता, तिशीची, बोलायला मऊ, आल्या आल्या गिताबाईच्या पाया पडली. आम्ही निकाल देत नाही, फक्त दाखवतो, असं ती म्हणाली आणि ती मनापासून म्हणत होती, हेही सांगायला पाहिजे. उगाच तिच्या नावानं खडे फोडण्यात अर्थ नाही. गेणबानं चार दिवस सुट्टी टाकली आणि तो त्यांचा वाटाड्या झाला. कुणाकडं न्यायचं, कोण बोलेल, कोण अंगावर येईल, सगळं त्यानं सांभाळलं. गिताबाई कॅमेऱ्यासमोर तासभर बोलली. मल्हारचा पहिला दात कधी पडला तेही तिनं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी आरोपीचं काम करायला पुण्याहून येणारा नट आलाच नाही. यवतपाशी त्याची गाडी घसरली आणि हात प्लास्टरमध्ये गेला. अंकिता कपाळाला हात लावून बसली आणि मग तिची नजर गेणबावर गेली. उंची तीच, खांदे तेच, चाल तर एकाच घरातली. तिनं विचारलं, फक्त पाठ आणि हात दिसतील, चेहरा येणार नाही, कराल का?

आता तुम्ही म्हणाल, कुठल्या माणसानं याला हो म्हणावं? आपलाच भाऊ तुरुंगात आणि त्याच्यावर ज्याचा आरोप आहे ते आपण करून दाखवायचं? गेणबाच्याही मनात हे आलं, नाही असं नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा खरा कॅमेरा समोर होता, खरी दिग्दर्शक विचारत होती, आणि जत्रेतला मांडव सोडून त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं. अर्ध्या मिनिटात तो हो म्हणाला. कुणाला सांगणार नाही, असं मनाशी ठरवलं आणि काम संपलं की विसरून जाऊ असं समजला.

कपड्यांचा प्रश्न आला तेव्हा तो गिताबाईकडं गेला. मल्हारचा शर्ट पाहिजे म्हणाला. कशाला, तर मल्हार मेंढरं चारताना दाखवायचाय, असं सांगून मोकळा झाला. तिनं पेटीतून शर्ट काढला, हातानं सुरकुत्या मोडल्या, नीट घडी घातली आणि म्हणाली, "चांगला दिसू दे माझ्या लेकाला."

शूटिंग वस्तीवर नव्हतं. लोकांची गर्दी नको म्हणून पारगावच्या बाजूला एका रानात सगळं मांडलं होतं. भर दुपारी त्यांनी कॅमेऱ्यात पहाट केली. गेणबानं भुशाच्या पोत्यावर कोयता चालवला. पहिल्यांदा हात अडखळला, दुसऱ्यांदा जमलं. मग अंकिता म्हणाली, इथं लगेच कट करणार नाही, दोन-चार सेकंद तिथंच थांबा, सुचेल ते करा.

सुचेल ते! नटाला याहून गोड शब्द कुठला? गेणबा वाकला. कोयत्याचं पातं त्यानं मातीत पुसलं, एकदा, दोनदा, तीनदा. मग कोयता दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला. जत्रेत बकरा कापल्यावर त्याचा बाप असंच करायचा. जीव घेतला, माफी असावी, असा त्याचा अर्थ. दर वर्षीच्या सवयीनं गेणबाचे हात आपोआप तिकडं गेले. हे त्यांच्या घरातलं होतं, गावात दुसरं कुणी करत नव्हतं. अंकिता मॉनिटरवरून उठून आली, हे कुठून आणलंत म्हणाली आणि तिनं तेच चार वेळा करून घेतलं. गेणबा त्या दिवशी घरी आला तो शीळ घालत आला. बायकोनं, रंभानं विचारलं तर ओव्हरटाइम होता म्हणाला.

भाग लागला तेव्हा सगळी वस्ती गिताबाईच्या घरात टीव्हीपुढं बसली होती. तिच्या तासाभराच्या बोलण्यातली चाळीस सेकंदं घेतली होती आणि त्यातही बराच वेळ ती गप्प होती. पण कोयता पुसून कपाळाला लावणारे ते हात? ते सुरुवातीला आले, मध्ये आले, जाहिरातीआधी आले, शेवटी आले. मग मोबाइलवर आले, प्रत्येकाच्या ग्रुपवर आले. खाली कोपऱ्यात 'नाट्यरूपांतर' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. ज्यांना वाचता येत होतं त्यांनीही ते वाचलं नाही. महिन्याभरात चौफुल्याच्या हॉटेलात लोक सांगायला लागले, मल्हारनं कोयता कसा पुसला ते. आम्ही बघितलंय, म्हणायचे. जत्रेतला तो प्रकार कुणाला आठवला, तरी एकाच घराण्यातली पोरं म्हणून सोडून द्यायचे. गेणबा तिथं चहा पीत असायचा आणि मान खाली घालून बशीकडं बघत बसायचा. लोकांना हे काम भारी वाटलं, हे कळून त्याला आतून थोडं बरंही वाटायचं. हे त्यानं पुढं स्वतःच कबूल केलं, नाहीतर कुणाला कळलं असतं?

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. मल्हार येरवड्यात होता, जामीन झाला नव्हता. मल्हारच्या बाजूनं शिरूरच्या एक वकीलबाई होत्या, गिताबाईच्या भावाच्या ओळखीतल्या, फटकळ पण हुशार. सोजराबाईची साक्ष होती त्या दिवशी गिताबाई सकाळीच लुगडं बदलून तयार बसली होती. गेणबानंच तिला अडवलं. काकी, तू नको येऊ, तिथं काय काय बोलत्यात, तुला ऐकवायचं न्हाई, मी जातो आणि सगळं सांगतो. तिनं थोडा वाद घातला, मग त्याचं ऐकलं. तो तिला जपत होता. मनात दुसरं काही नव्हतं.

सेशन कोर्टात तो मागच्या बाकावर बसला. सोजराबाई पिंजऱ्यात उभी राहिली, पदर डोक्यावर, दोन्ही हात कठड्यावर. म्हातारी लबाड नव्हती. कुणी तिला शिकवलंही नव्हतं. तिनं चौकड्याचा शर्ट सांगितला, कॅनॉल सांगितला. मग सरकारी वकिलांनी विचारलं, आणखी काय बघितलं?

"त्यानं कोयता मातीत पुसला," ती म्हणाली. "एकदा न्हाई, तीनदा. मंग दोनी हातांनी कपाळाला लावला, देवाम्होरं लावत्यात तसा. आन् मंग गेला."

 आधी गेणबाला समजलंच नाही की आपल्याला एवढी भीती कशाची वाटतेय. मग समजलं. हे मल्हारनं करणं शक्यच नव्हतं. मल्हारनं कधी कोयता असा हातात धरला नव्हता, बकऱ्याच्या वेळी तो देवळामागं असायचा. हे करणारा अख्ख्या गावात एकच माणूस होता आणि तो हात मांड्यांखाली दाबून मागच्या बाकावर बसला होता. सोजराबाई जे सांगत होती ते तिनं रानात बघितलंच नव्हतं. तिनं टीव्हीत बघितलं होतं, दहा वेळा, वीस वेळा, आणि दोन वर्षांत ते तिच्या डोळ्यांत रानातल्या पाठमोऱ्या माणसाला जाऊन चिकटलं होतं. तिला ते खरंच आठवत होतं.

वकीलबाईंनी उलटतपासणीत घेरलं तिला. हे पोलिसांना का नाही सांगितलं? तवा घाबरले होते, म्हणाली, नंतर डोळ्यापुढं आलं. टीव्हीवर बघून सांगताय का? म्हातारी दुखावली. माझ्या डोळ्यांनी बघितलं, म्हणाली, मी कशाला खोटं बोलू, माझं त्याच्याशी काय वैर हाय? आणि तिचा आवाज असा भरून आला की पुढं विचारण्यासारखं काही राहिलं नाही. वकीलबाईंना संशय होता, पण पुरावा नव्हता. पुरावा मागं बसला होता. त्या वेळी तो उठला असता आणि एवढंच म्हणाला असता की साहेब, ते मी केलं, माझ्या बापाची सवय आहे ती, तर? उठला नाही. कोर्ट संपलं, मल्हारला गाडीत बसवताना त्यानं दादाकडं बघून हात हलवला आणि गेणबानंही हलवला.

घरी आल्यावर काकीनं विचारलं, काय म्हणली सोजरा? गेणबा म्हणाला, काय न्हाई, तेच आपलं, शर्टाचं बोलली.

तिथून पुढं अकरा महिने गेले. अकरा महिने म्हणजे थोडे नव्हेत. वकीलबाईंना सांगायचं हे त्यानं त्याच रात्री ठरवलं होतं आणि त्यासाठी तो तीनदा निघाला. पहिल्यांदा शिरूरला पोचला तर ऑफिसला कुलूप. त्याला केवढं हायसं वाटलं, आणि त्याचीच नंतर लाज वाटली. दुसऱ्यांदा वकीलबाई समोर होत्या, त्यांनी चहा मागवला, बोला म्हणाल्या, आणि यानं जामिनाच्या कागदाचं काहीतरी विचारलं. तिसऱ्यांदा न्हावऱ्यापर्यंत गेला, रस्त्याच्या कडेला गाडी लावली, ऊस भरलेले ट्रॅक्टर मोजत बसला आणि सेकंड शिफ्टला उशीर होईल असं स्वतःला सांगून परत फिरला.

पोलिसांना तो भीत नव्हता. चॅनलवाल्यांच्या कागदावर सही केली होती, तीही त्याला आठवत नव्हती. त्याला भीती होती काकीची. तिच्या हातून शर्ट घेताना तो खोटं बोलला होता. तिच्या लेकाच्या अंगात खुनी म्हणून तो घुसला होता. हे तिला कळलं की ती आपलं तोंड बघणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. आणि मग माणूस करतो तसे हिशोब त्यानं सुरू केले. एका म्हातारीच्या बोलण्यावर कोर्ट थोडंच शिक्षा देतं? वकीलबाईंनी तिला चांगलं घेरलंय. मल्हार सुटणारच आहे. सुटणारच असेल तर मग काकीच्या मनातून उतरायचं कशाला? रोज कामावर जाताना तो तिच्या दारात थांबायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, काकी, काळजी करू नको, सुटतोय आपला मल्हार. ती म्हणायची, तुझ्या तोंडात साखर पडो.

निकाल लागला. जन्मठेप.

निकालपत्रात सोजराबाईच्या साक्षीला दोन पानं होती. एवढा बारीक तपशील डोळ्यांनी बघितल्याशिवाय सांगता येत नाही, अशा अर्थाचं त्यात लिहिलं होतं. वकीलबाईंनी ते कोर्टाबाहेर गेणबाला एकट्याला वाचून दाखवलं तेव्हा तो दारातच उकिडवा बसला. दुसऱ्या दिवशी कंपनीत न जाता तो थेट शिरूरला गेला आणि खुर्चीवर बसायच्या आत सगळं बोलून टाकलं. पोतं, शर्ट, बाप, बकरा, सगळं.

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एरवी त्या चिडल्या की ऑफिस दणाणायचं. त्या दिवशी त्यांचा आवाज अगदी खाली होता.

"गेणबा, निकालाच्या आदल्या दिवशी सांगितलं असतंत तरी चाललं असतं. सोजराबाईंना परत बोलावता आलं असतं. तुम्हाला उभं केलं असतं."

आता अपील, त्या म्हणाल्या. हायकोर्ट. प्रतिज्ञापत्र करू, ती डॉक्युमेंटरी जोडू, पण किती वर्षं लागतील ते मी सांगू शकत नाही. त्यांनी तिथूनच अंकिताला फोन लावला. पलीकडं तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सगळं मूळ शूटिंग देते, लेखी देते, बोलवाल तिथं येते. आणि फोन ठेवायच्या आधी तिनं विचारलं, गेणबादादा तेव्हाच का नाही बोलले? वकीलबाईंनी गेणबाकडं बघितलं आणि नंतर बोलू म्हणाल्या. कागदावर सही घेण्याआधी त्यांनी एकच अट घातली. हे बाहेरून कळण्याआधी तुमच्या काकीला तुम्ही स्वतः सांगा.

गिताबाई अंगणात कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. दुसऱ्या दिवशीची सकाळ, नऊ-साडेनऊची वेळ. तो जवळ जाऊन जमिनीवर बसला. कसं सुरू करायचं हे त्यानं शिरूरपासून पाठ केलं होतं, नटच तो. पण तोंड उघडलं आणि पाठ केलेलं सगळं गेलं.

"काकी, टीव्हीत त्यो पाठमोरा दावलाय न्हवं का..."

"तू हायस त्यो," ती कोकरावरची नजर न काढता म्हणाली. "ठावं हाय मला."

गेणबानं मान वर केली.

"पैल्याच दिशी वळखलं. तुला न्हाऊ घातलाय मी, तुझं हात मला कळायचं न्हाईत? आन् कोयता कपाळाला लावताना तुझा बा आशीच मान वाकडी करायचा. म्हणलं, पोराला नाटकाची हौस हाय, केलं आसंल. मला खोटं बोलून शर्ट न्हेला त्येवडं वाईट वाटलं. आज सांगंल, उद्या सांगंल, म्हणून वाट बघितली. मंग म्हणलं, जाऊ दे, लाजतोय."

तीन वर्षं ज्या एका गोष्टीला भिऊन तो जगला ती गोष्ट अशी दुधाच्या बाटलीसोबत, सहज, संपून गेली. तिनं त्याला माफसुद्धा करून टाकलं होतं, केव्हाचंच. त्याला हुंदका आवरेना. गुडघ्यात डोकं घालून तो रडला आणि काकीनं मोकळा हात त्याच्या पाठीवर ठेवला. उगी, म्हणाली, एवड्यासाठी रडत्यात व्हय? क्षणभर, अगदी क्षणभर, गेणबाला वाटलं की सुटलो.

मग तिनं विचारलं, आज अचानक कसं सांगावंसं वाटलं? आणि उरलेलं सांगणं भाग पडलं. सोजराबाई कोर्टात काय बोलली, ते त्यानं जसंच्या तसं सांगितलं. मातीत तीनदा. दोन्ही हातांनी कपाळाला. निकालपत्रातली दोन पानंही सांगितली. पाठीवरचा हात कधी निघाला ते त्याला कळलं नाही. गिताबाईनं बाटली बाजूला ठेवली, कोकराला खाली सोडलं.

"म्हंजी सोजरानं तुला बघितलं," ती म्हणाली.

"व्हय, काकी."

"आन् जल्मठेप माझ्या मल्हारला."

 तिनं तोंड कॅनॉलकडं वळवलं. मग अगदी हळू, स्वतःशीच हिशोब लावल्यासारखी बोलायला लागली. "मी आले असते त्या दिशी, तर तिथंच उभी राहिले असते. जजसाहेबाला म्हणले असते, ह्ये माझ्या घरातलं न्हवं, ह्ये गेणबाच्या घरातलं हाय. समदा गाव बोलवा, म्हणले असते. मी लुगडं नेसून तयार हुते, गेणबा. तू मला घरी ठिवलंस."

तिचे पाय धरायचं धाडस त्यानं केलं नाही. कोकरू दोघांच्या मधून तुरुतुरु फिरत राहिलं.

अपील दाखल झालंय. तारीख लागायची आहे. गेणबाचं प्रतिज्ञापत्र त्यात आहे, गावालाही आता सगळं कळलंय. जत्रेत तो नाटकात उभा राहत नाही. बकऱ्याचा मान त्यानं भावकीतल्या दुसऱ्या घराला देऊन टाकला. सोजराबाई त्याला एकदा बाजारात भेटली तेव्हा हात जोडून रडली, मला खरंच दिसलं व्हतं रं, म्हणाली, आणि त्यालाच तिची समजूत काढावी लागली.

महिन्यातून एकदा तो गिताबाईला येरवड्याला घेऊन जातो. ती गाडीवर मागं बसते, वाटेत बोलत नाही. तिला लिहिता येत नाही, म्हणून मुलाखतीचा अर्ज तोच भरतो. भेटायला येणाऱ्यांची नावं लिहायची असतात, त्यात पहिलं तिचं. ही कबुली झाल्यावर ते पहिल्यांदा गेले तेव्हा तिचं नाव लिहून तो थांबला आणि काकी, खाली माझं लिहू का, असं त्यानं विचारलं. तिनं पदर सारखा केला, खिडकीकडं बघितलं आणि म्हणाली, "नगं. मोकळं सोड." तेव्हापासून दर महिन्याला तो एकच नाव लिहितो, अर्ज तिच्या हातात देतो आणि ती आत जाऊन येईपर्यंत फाटकाबाहेर उभा राहतो.